टोचणीचें वेळापत्रक

ज्या घरांत आजोबा-आजी आहेत, त्या घरच्या मुलांनीं त्यांच्या हाताकडे एकवार निरखून पाहावें. देवी काढल्याचा वाटोळा वण तेथें बहुधा दिसेल. मुलांच्या हातावर देवीचा वण नाहीं, कारण तो रोगच पृथ्वीवरून नाहींसा झाला आहे. ता. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवी काढण्यांत आल्या. आपल्या देशांतील ही पहिली यशस्वी टोचणी. परंतु देवीचा शेवटचा रोगी या देशांत आढळला तो सन १९७५ मध्यें. उपाय हातीं असूनही मध्यें पावणेदोनशें वर्षें लोटलीं, कारण तो प्रत्येक घरीं पोंचला नव्हता. ज्या वस्त्या टोचणीवांचून राहिल्या, त्यांच्या आश्रयानें रोग जगला.

आजचे पालक टोचणीस विरोध करितात असें आम्ही म्हणत नाहीं. खरी अडचण आरंभशूरपणाची आहे. जन्मतांच क्षयाची व काविळीची लस मिळते, पोलिओचे थेंब मिळतात. ६, १० व १४ आठवड्यांच्या टोचण्याही बहुधा होतात. पुढें मूल चालूं लागतें, आईबाप कामाच्या रगाड्यांत गुंततात आणि कार्ड पेटीच्या तळाशीं जातें.

वेळापत्रकांतील तारखा कोणाच्या लहरीनें ठरलेल्या नाहींत. डांग्या खोकला तान्ह्या बाळास अधिक घातक, म्हणून त्याची लस ६ व्या आठवड्यापासूनच सुरू होते. गोवराचें याच्या उलट आहे. आईकडून मिळालेलें संरक्षण बाळाच्या अंगीं कांहीं महिने टिकतें व तोंवर लसीचा गुण नीट येऊं देत नाहीं. म्हणून गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पुरे झाल्यावर देतात. तरीही कित्येक मुलांस एका मात्रेनें गुण येत नाहीं; त्यांच्यासाठीं १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी. धनुर्वात व घटसर्प यांच्या लसींचें बळ काळानें ओसरतें; म्हणून ५ ते ६ वर्षांच्या वयांत, आणि पुढें १० व्या व १६ व्या वर्षीं पुन्हां टोचावें लागतें. हीं शेवटचीं दोन वर्षें शाळेंतलींच होत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

दोन आक्षेप नेहमीं कानीं येतात. पहिला, टोचल्यानें ताप येतो. येतो खरा, जागा दुखते, थोडी सुजते, आणि एक-दोन दिवसांत सारें निवळतें. याहून गंभीर त्रास फार विरळा. त्यावर लक्ष ठेवण्यासाठींच टोचल्यावर मुलास अर्धा तास केंद्रांत थांबवितात. दुसरा, हे रोग आतां दिसतात कोठें? सन २०२२ च्या अखेरीस मुंबईंत, विशेषतः गोवंडी भागांत, गोवराची साथ उठली व तींत बालकें दगावलीं. टोचणी न झालेल्या वस्तींत गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांस रोग देऊं शकतो. म्हणून शेंकडा ९५ मुलांस दोन्ही मात्रा मिळाव्यात असें वैद्यकशास्त्र सांगतें. अगदीं तान्हीं बाळें, आणि आजारामुळें ज्यांस लस देतां येत नाहीं अशीं मुलें, यांची राखण इतरांच्या टोचणीनेंच होते. आपल्या मुलास टोचणें हा अर्धा स्वार्थ व अर्धा शेजारधर्म होय.

हातावर पोट असणाऱ्यास मजुरी बुडवून केंद्रावर जाणें सोपें नाहीं. ऊसतोडीस परगांवीं गेलेल्या कुटुंबास तर कठीणच. त्यांस बोल लावण्यापेक्षां हें सांगावें कीं, गांव बदललें तरी तेथील सरकारी केंद्रांत ही टोचणी विनामूल्य होते. एखादी मात्रा चुकली म्हणून पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं; वयाप्रमाणें राहिलेल्या तेवढ्या घ्याव्या. कार्ड मात्र बरोबर न्यावें.

आमचें मत असें कीं, शाळांनीं प्रवेशाच्या वेळीं जन्मतारखेच्या दाखल्यासोबत टोचणीचें कार्डही पाहावें. तें अपुरें असल्यास मुलास परत पाठवूं नये. शाळेचें दार लावून घेतल्यानें कोणी निरोगी होत नाहीं. काय राहिलें तें टिपून ठेवावें, पालकांस चिठ्ठी द्यावी आणि महिन्यानें पुन्हां विचारावें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत नापास झालेला मुलगा पुन्हां बसूं शकतो. घटसर्पानें गांठलेल्या बालकास ती सवड नेहमीं मिळतेच असें नाहीं. घरीं धाकटें भावंड असेल, तर आजच त्याचें कार्ड पेटींतून काढा. आईस वाचतां येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. एखादी चौकट रिकामी दिसली, तर पुढील टोचणीचा वार आशाताईंस विचारून या, आणि त्या दिवशीं भावंडास घेऊन आईबरोबर तुम्हीही जा.