'गिव्ह अप': यादी नको, वाक्य द्या



'गिव्ह अप' या फ्रेजल व्हर्बचे समानार्थी शब्द विचारले की मुलं धडाधड सांगतात: क्विट, स्टॉप, सरेंडर, अबॅन्डन. यादी तोंडपाठ! पण वाक्य कर म्हटलं की वहीत 'ही सरेंडर्ड स्मोकिंग' उतरतं. माझ्या मते यात दोष मुलांचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. आपण शब्द देतो, पण तो कुठे बसतो हे सांगत नाही.

आता ही वाक्यं बघा.

१) ही गेव्ह अप स्मोकिंग. सवय सोडली. इथे 'क्विट' किंवा 'स्टॉप्ड' चालतं.
२) दे गेव्ह अप होप. आशा सोडली. इथे 'अबॅन्डन्ड' चालेल, 'क्विट' नाही.
३) शी गेव्ह अप हर सीट. बसमध्ये आजींना आपली जागा दिली. इथे 'क्विट' घातलं तर अर्थच बिघडतो.
४) द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप. चोर शरण आला. 'सरेंडर्ड'ची खरी जागा ही.
५) आय गिव्ह अप! कोडं सुटेना. हरलो बुवा, तूच सांग.

म्हणजे काय सोडलं, कोणासाठी सोडलं, यावर समानार्थी शब्द ठरतो.

हे मुलांना जड जाईल असं वाटतं का? मुळीच नाही. 'सांग' आणि 'सांगून टाक' यातला फरक आपण त्यांना कधी शिकवला? तिथे 'टाक' म्हणजे फेकणं नव्हे, हे त्यांना बरोबर कळतं. तसंच इथला 'अप' म्हणजे 'वर' नव्हे. मराठीचा हा धागा पकडून शिकवा, इंग्रजी परकं वाटणार नाही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्या. सवय सोडली म्हणताना पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागतो: 'गिव्ह अप स्मोकिंग', 'गिव्ह अप टू स्मोक' नाही. आणि 'इट' मध्ये बसतो: 'गिव्ह इट अप', 'गिव्ह अप इट' नाही.

परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, हे मान्य. मग शब्द लिहूनच घ्या, पण प्रत्येक शब्दासमोर मुलाचं स्वतःचं एक वाक्य हवं. पालकांनो, अभ्यास घेताना 'अर्थ सांग' ऐवजी 'वाक्यात वापरून दाखव' एवढंच म्हणा. दहा शब्द पाठ नसले तरी चालेल. तीन शब्द नीट वापरता आले, तर मूल इंग्रजी बोलायला घाबरणार नाही.