घोटू नका, पुरणयंत्रातून काढा!

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. सगळं पत्र छापायला जागा नाही, पण मुद्द्याचा भाग असा :

‘सासूबाईंचे उरलेसुरले दात गेल्या महिन्यात काढले. कवळी बसायला अजून दोन-अडीच महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात. पेज, मऊ भात, मुगाचं वरण, शिरा... तेच तेच खाऊन त्या अगदी विटल्या आहेत. चार घास खातात आणि ताट सारतात. वजनही उतरलंय. म्हणून परवा कुकरमध्ये बटाटे उकडले आणि दूध-लोणी घालून मिक्सरमधून काढले. तर झाली खळ! टाळूला चिकटून बसते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मुलांना दे हे, पतंग चिकटवतील.” हसल्या, पण जेवल्या नाहीत. माझं चुकतंय कुठं?’

ताई, तुमचा बटाटाही चुकला नाही आणि कुकरही. चुकला तो मिक्सर! आणि हे दुखणं तुमच्या एकटीचं नाही. घरात कुणाचे दात काढलेले असतात, कुणी तापातून उठलेलं असतं, कुणाला नुसतं गिळायचाच कंटाळा आलेला असतो. अशा वेळी बटाट्याचं मऊ लुसलुशीत मिश्रण, ज्याला साहेबलोक मॅश्ड पोटॅटो म्हणतात, फार उपयोगी पडतं. पण ते मऊ हवं, चिकट नव्हे. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

खळ का होते?

बटाट्याच्या गरात बारीक बारीक पेशी असतात आणि त्यांच्या पोटात पिष्ट भरलेलं असतं. हेच ते स्टार्च, ज्याची खळ आपण सुती साडीला घालतो. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे हे पिष्ट पाणी पिऊन फुगतं. पेशी धड राहिल्या तर फुगलेलं पिष्ट आतच राहतं आणि बटाटा भुसभुशीत, हलका लागतो. मिक्सरचं पातं फिरलं की पेशींच्या चिंध्या होतात, पिष्ट बाहेर येतं आणि मग साडीची खळ काय, ही काय, एकच!

वरण आपण घोटतो, कारण घोटल्यानं ते मिळून येतं. बटाट्याचं उलटं आहे. जितका घोटाल तितका तो चिकटेल. रवीनं घुसळणं, हातानं मळत बसणं हेही नकोच. बटाटा एकदाच, हलक्या हातानं, जाळीतून खाली उतरला पाहिजे.

आता गंमत बघा. पॅरिसचे नामवंत आचारी जोएल रोबुशाँ (१९४५–२०१८) या बटाट्याच्या पदार्थासाठी जगभर प्रसिद्ध होते. त्यांच्या कृतीत किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी असतं! ते वाचून आपले डोळेच फिरतात. पण लोणी राहू द्या बाजूला, त्यांची रीत बघा. बटाटे सालासकट अख्खे उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, दांडा फिरवायच्या जाळीच्या यंत्रातून काढायचे, मंद आचेवर जरा कोरडे करायचे, मग लोणी आणि सगळ्यात शेवटी गरम दूध. हे दांड्याचं यंत्र म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं पुरणयंत्रच की! होळीला माळ्यावरून उतरतं आणि धुऊनपुसून परत वर जातं. त्याला आता खाली काढा.

बटाटा कोणता घ्यावा?

नवा, पातळ सालीचा, ओलसर बटाटा रस्सा-भाजीला चांगला, कारण त्याची फोड मोडत नाही. पण आपल्याला मोडणाराच बटाटा हवाय. तेव्हा जुना, जाड सालीचा, उकडल्यावर फुटून पिठूळ होणारा घ्या. उन्हाळ्यात वाळवणासाठी ‘वेफर्सचा बटाटा’ म्हणून मागता ना, तोही चालेल. त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त असतं.

बटाटा ओळखायची एक सोपी परीक्षा सांगते. एका वाटीनं मापून ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा त्यात सोडा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर ओलसर. बुडालेले या कामाला ठेवा, तरंगलेले भाजीला.

हिरवट झालेला किंवा मोड आलेला बटाटा आजारी माणसाला मुळीच देऊ नका. त्या हिरव्या भागात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते उकडून जात नाही. आणि बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नयेत. थंडीनं त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि गोडसर चव येते. टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावेत, बस्स.

साहित्य : अर्धा किलो बटाटे (सारख्या आकाराचे, मध्यम), दोन मोठे चमचे लोणी, पाऊण ते एक वाटी दूध, चवीपुरतं मीठ, चिमूटभर किसलेलं जायफळ. (पुरणात जायफळ, तसं यातही. साहेबसुद्धा घालतो!)

कृती : बटाटे स्वच्छ धुवा, सोलू नका, चिरू नका. कुकरच्या तळाला दोन भांडी पाणी घाला आणि जाळी ठेवा. बटाटे कुकरच्या डब्यात घाला, पण डब्यात पाण्याचा थेंबही नको. वर झाकणी ठेवा. बटाटे पाण्यात नव्हे, वाफेवर शिजले पाहिजेत. पाण्यात शिजलेला बटाटा साल फुटली की पाणी पितो, मग दुधाला जागाच उरत नाही आणि चव पाणचट लागते. तळच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची साल टाका, म्हणजे ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडणार नाही. ही आंबट वस्तू बटाट्याच्या डब्यात मात्र जाऊ देऊ नका. आंबटानं बटाटा लवकर मऊ होत नाही.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या. मग गॅस बारीक करा आणि घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. बटाटे मोठे असले तर १२. शिट्ट्या मोजू नका बाई! प्रत्येक कुकरची शिट्टी निराळी. कुणाची मिनिटाला होते, कुणाची पाच मिनिटांनी. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आतलं तापमान १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तर काम लवकर होतं. तिथं पाच-सात मिनिटं जास्त झाली तरी बटाट्याचा लगदा होतो.

गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. नळाखाली कुकर धरून किंवा शिट्टी उचलून घाई केलीत तर आतला दाब एकदम उतरतो आणि बटाटे फुटतात.

डबा काढा. सुरी बटाट्यात अलगद गेली पाहिजे. एकेक बटाटा जाड फडक्यात धरून गरम गरमच सोला आणि लगेच पुरणयंत्रात घाला. मोठ्या भोकांची जाळी असेल तर ती लावा. दांडा सावकाश फिरवा. एकदाच काढायचं, दुसऱ्यांदा नाही. पुरणयंत्र नसेल तर पुरणाच्या चाळणीवर वाटीच्या बुडानं दाबून काढा. वेळ लागतो, पण हात तोच बसतो.

आता जाड बुडाच्या पातेल्यात हा गर मंद आचेवर ठेवा आणि लाकडी उलथण्यानं दोन मिनिटं नुसता खालीवर करा. तळाला पातळसा पापुद्रा धरू लागला की जास्तीचं पाणी उडालं असं समजा. मग लोणी घाला. आधी लोणी, मागून दूध, हा क्रम विसरू नका. लोण्याचा हात आधी फिरला की पिष्ट एकमेकांना कमी चिकटतं. दूध दुसऱ्या शेगडीवर कढत ठेवलेलं असावं. ते थोडं थोडं घालत जा आणि हलकेच मिसळा. थंड दूध ओतलंत तर गर निवतो आणि गुठळ्या धरतात. शेवटी मीठ आणि जायफळ. चमचा उलटा केला की हळूच सुटून पडावं, इतपत सैल ठेवा. निवल्यावर ते घट्ट होतं.

एक मात्र सांगून ठेवते. कुकरमध्ये दूध घालूनच बटाटे शिजवायचा आळशी मार्ग काही जणी काढतात. तसं करू नका. दूध उतू येतं, तळाला लागतं आणि फेस वाफेच्या नळीत जाऊन ती तुंबू शकते.

कुकरचंही ऐका

कुकरचा मूळपुरुष म्हणजे फ्रेंच माणूस दनी पापँ. त्यानं १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं भांडं तयार केलं. त्यात हाडंसुद्धा मऊ होत. भांडं फुटू नये म्हणून वजनाची सुरक्षा-झडपही त्यानंच बसवली. आपली शिट्टी त्याच कल्पनेवर चालते. तेव्हा दर वेळी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय ना, ते बघा. वाफेचा जोरदार झोत येऊ लागला की मगच शिट्टी ठेवा. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. रबरी रिंग कडक झाली, चिरली, की बदला. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तिथं भलतंसलतं काही कोंबू नका, त्याच कंपनीचा नवा आणा. त्याचं कामच मुळी उडून तुम्हाला वाचवण्याचं आहे.

पथ्याच्या दृष्टीनं

ताई, नुसत्या बटाट्यावर वजन भरून यायचं नाही. शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिनं जेमतेम दीड-दोन ग्रॅम. म्हणून त्या कढत दुधातच दोन चमचे दुधाची पूड विरघळवा किंवा ताजं मऊ पनीर जाळीवर घासून गरात मिसळा. सासूबाईंना कळणारही नाही. हिरड्या अजून हुळहुळ्या असतील तेव्हा कोमटच द्या, मिरी-मिरची नको.

मधुमेह असेल तर हे भाताऐवजी द्यायचं, भाताबरोबर नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बटाट्यात पोटॅशियम बरंच असतं आणि सालासकट वाफवल्यावर ते आतच राहतं. आणि अर्धांगवायूनंतर जेवताना ठसका लागत असेल तर मऊ म्हणून घाईनं भरवू नका. काय आणि किती घट्ट द्यायचं ते डॉक्टरांनीच सांगावं. चिकट घास तर अशा माणसाच्या घशात अडकायची भीती असते.

रोज दूध-लोण्याचंही नको वाटेल. मग एके दिवशी तोच गर निवू द्या, त्यात गोड दही आणि मीठ घाला आणि तूप-जिऱ्याची फोडणी द्या. फोडणीत मिरचीचा तुकडा परतून काढून टाकायचा, नुसता वास राहतो. बटाट्याचं भरीत! हे तर सासूबाईंच्या माहेरचंच जेवण. उपासालाही चालेल.

आणि हो, हे ‘आजाऱ्याचं’ म्हणून वेगळ्या वाटीत एकट्या त्यांच्यापुढं ठेवू नका. अर्ध्या किलोऐवजी किलोभर करा, सगळ्यांच्या पानात वाढा. मुलं तर बोटं चाटून खातील. सगळी तेच खाताहेत असं दिसलं की म्हातारं माणूस दोन घास जास्त जेवतं.

उरलंच तर फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्यात थालीपिठाची भाजणी, तिखट-मीठ घालून मऊसर थालीपिठं लावा, तव्यावर छान सुटतात. परत गरम करून तसंच खायचं असेल तर चमचाभर कढत दूध घाला आणि हलक्या हातानं सारखं करा. तेव्हासुद्धा घोटायचं नाही, बरं का!