पथ्याचा पहारा

दुखणाइताला सल्ला द्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यातून दुखणाईत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असली, तर शेजारच्या काकूंपासून आगगाडीतल्या अनोळखी सहप्रवाशापर्यंत सारेच वैद्य होतात. माझे भांडण या हौशी वैद्यांशी आहे. ऐन दिवाळीत ते काढले म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाच्या निमित्ताने यांचा संचार याच दिवसांत वाढतो.

संधिवात हा म्हाताऱ्यांचा रोग, अशी आपली समजूत. पण तो सोळा वर्षांच्या आतल्या मुलांनाही होतो आणि वर्षानुवर्षे छळू शकतो. माझ्या परिचयातल्या एका घरी अशी मुलगी आहे. तिला एकाने वांगे बंद केले, दुसऱ्याने बटाटा. तिसरीने आंबट म्हणून दही, चिंच आणि कोकम काढून घेतले. चौथ्याने वातूळ म्हणून हरभरा. पाचवा आला तेव्हा बंद करण्याजोगे फारसे उरले नव्हते, म्हणून त्याने गहू बंद केला!

पुढे औषधात स्टेरॉइड आले. त्याने भूक वाढते, चेहरा गोल होतो. लगेच पाहुणे म्हणाले, "काय गं, चांगली गुटगुटीत झालीस की!" पोरीने पोळी सोडली, मग भात सोडला. सहा महिन्यांनी तेच पाहुणे म्हणाले, "वा, आता कशी शेलाटी दिसतेस!" आणि ती लाडवाला हातही लावीना, तेव्हा निकालही त्यांनीच दिला : "नखरे!"

हे नखरे नव्हेत, असे मी निक्षून सांगतो. महिनोन्‌महिने दुखत राहिले की अन्नावरची वासना उडते. काही औषधांनी मळमळते. अर्धशिशीवर देतात त्या टोपिरामेटसारख्या औषधाने भूकच मरते. शिवाय शरीर आपले ऐकत नाही असे झाले, म्हणजे काही मुले जे हाती उरते तेच घट्ट धरून बसतात. आणि हाती उरते ते जेवणाचे ताट. मुलगेही यातून सुटत नाहीत. वजनाची धास्ती नसताना, केवळ त्रास होईल या भीतीने खाणे तोडणे हासुद्धा विकार असू शकतो, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात नोंदवले आहे.

पुढचे चक्र तर फार वाईट. उपाशी राहून जठराचे काम मंदावते. मग दोन घासांत पोट फुगते, दुखते. म्हणून मूल आणखी कमी खाते. पाळी थांबते, नाडी मंद होते आणि स्टेरॉइडने आधीच विरळ होऊ लागलेली हाडे अधिकच ठिसूळ होतात.

"मन घट्ट केले की सारे जमते," असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते धट्टेकट्टे गडी चिडचिडे आणि उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. भुकेने पुरुषांची मने अशी वाकतात, तर आधीच वेदनेने वाकलेल्या पोरीकडून तुम्ही कसल्या निग्रहाची अपेक्षा करता?

कोणी म्हणेल, उपास तर आपल्या घरोघर आहेत. ज्याने करायचे त्याने खुशाल करावेत. पण दुखणाईत पोरीने सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी अशी ओळच लावली, तर तिच्या भक्तीचे कौतुक करण्यापूर्वी आई-बापांनी तिचे वजन पाहावे.

पथ्य ठरवावे ते डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी. सांध्यांच्या डॉक्टरांना खाण्याची हकीकतही सांगावी, आणि गरज पडली तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या मुलाला एकदम कोंबून खायला घालणेही धोक्याचे असते. त्याने रक्तातले क्षार बिघडतात. तेही वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे.

आणि पाहुणेमंडळींनी एवढेच करावे : पोरीला अभ्यासाचे विचारावे, नव्या पुस्तकाचे विचारावे, मैत्रिणींचे विचारावे. ती जाड झाली की बारीक झाली, हे मात्र बोलू नये. फराळाचे ताट तिच्यापुढे ठेवावे आणि आपले लक्ष आपल्या चकलीकडे द्यावे.