हरणांच्या वाटेवर कुंपण का पडले?



केनियात नैरोबी शहराला लागून ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९४६ साली झाले. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू मोकळी. तिकडे अथी-कापुटीचा माळ, मसाई पशुपालकांची कुरणे. पावसाळ्यात वाइल्डबीस्ट नावाची दाढीवाली मोठी हरणे त्या माळावर पांगत, माद्या तिथेच व्यायच्या. उन्हाळ्यात कळप पाण्यासाठी उद्यानाकडे परतत. १९७८ च्या सुमारास ही हरणे पंचवीस हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये तीन हजारही उरली नव्हती.

शहरातले निसर्गप्रेमी मसाईकडे बोट दाखवतात. त्याने कुरण वाटले, विकले, तारा ठोकल्या. आम्ही म्हणतो, आधी हिशेब पाहा.

१९६८ च्या कायद्याने कुरणे गटांच्या सामाईक मालकीची झाली. कोरडवाहू मुलखात ते सोयीचे होते. शिवाराच्या एका अंगाला पाऊस पडतो, दुसरे कोरडे राहते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जनावर चाऱ्यामागे चालले तर जगते, तुकड्यात कोंडले तर मरते. पण सामाईक जमिनीवर एकट्याला कर्ज मिळेना, गटाच्या कारभारावर भरवसा राहिला नाही, जमीन हातची जाईल ही धास्ती वाढली. म्हणून वाटण्या झाल्या. किटेंगेलाचे कुरण १९८८ मध्ये फुटले. नैरोबी फुगत होती, जमिनीला भाव आला. मग घरे, खाणी, कुंपणे आली आणि हरणांच्या वाटा बुजल्या.

दुसरीकडे, हरीण सरकारचे आणि गवत मसाईचे! १९७७ पासून शिकारीला बंदी. पर्यटकाचा पैसा उद्यानाच्या फाटकावर जमा होतो, सिंहाने नेलेली गाय मात्र मसाईची जाते. ज्याच्या वाट्याला फक्त खर्च, त्याने जमीन मोकळी का ठेवावी?

२००० साली एक योजना निघाली. जो कुंपण घालणार नाही, जमीन विकणार नाही, त्याला वर्षाला एकरी ४ डॉलर. हप्ते मुलांच्या शाळेच्या फीच्या वेळी. अनेक कुटुंबांनी खुशीने करार केले. मसाई हरणांचा वैरी नव्हता, हे यातच सिद्ध झाले. पण पैसा देणग्यांचा, आणि प्लॉटच्या भावापुढे ४ डॉलर म्हणजे चणेफुटाणे.

आपल्याकडे उलटी रीत. १९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य कागदावर आखले, त्यात लोकांची शेतेही घेतली. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे आले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. शेतकरी दुखावला, माळढोकही जवळजवळ दिसेनासा झाला.

रोही आणि रानडुकरे आपल्या ज्वारीत, कपाशीत रोज शिरतात. पंचनाम्यानंतरची भरपाई ही झालेल्या नुकसानीची असते. माळ राखण्याचे दाम ही वेगळी गोष्ट आहे. समाजाला हरीण हवे असेल तर त्याने करार करावा, परवडेल असा भाव द्यावा आणि तो दरसाल द्यावा. करार करायचा की नाही, हे जमीनधारकाने ठरवावे. जिल्हा बैठकीत या मागणीवर बोलू. येताना आपापल्या शिवारातला नुकसानीचा आकडा लिहून आणा.