श्रोत्यांत बसलेला राम

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढ्या उभ्या राहिल्या की आमच्या नाशिकक्षेत्री दुपारी गोदाघाटाचे दगड तापू लागतात, आणि सायंकाळी ते निवाले की त्यांवर माणसे येऊन बसू लागतात. काळारामाच्या देवळात नवरात्र बसते. नवमीस मध्यान्ही जन्मकाळाचे कीर्तन, पाळणा आणि सुंठवडा. एकादशीस रामरथ व गरुडरथ. नवमीपासून पौर्णिमेपर्यंत वणीच्या गडावर सप्तशृंगीचा चैत्रोत्सव भरतो व खानदेशातील भाविक उन्हातान्हातून पायी येतात. पुढे वैशाखात गोदाकाठच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला, कालिदास कलामंदिरात नाटके, सुटीतील मुलांची नाट्यशिबिरे, गावोगावच्या जत्रांत तमाशाचे फड. आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या डोंगरपट्ट्यात संबळ-पावरीच्या सुरावर देवादिकांची सोंगे नाचविणारा बोहाडा. शेतकरी मोकळा, मुले मोकळी आणि रात्री सुखद; म्हणूनच आपल्या पूर्वजांनी कलांचा हा हंगाम उन्हाळ्यात मांडला.

या हंगामाविषयी एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते: कार्यक्रम उदंड झाले, भक्ती मात्र ओसरली, वाद्यवृंदापुढे गर्दी लोटते आणि कीर्तनाची सतरंजी रिकामी राहते. ही तक्रार आम्ही स्वतः गादीवर उभे राहून अनेकदा केली आहे. आज रामनवमीच्या निमित्ताने ती बाजूस ठेवून आम्ही वाचकांपुढे निराळाच प्रश्न मांडू इच्छितो. आपल्या उत्सवात बसावयास जागा कोणास आहे?

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात, चौथ्या सर्गात, या प्रश्नाचे उत्तर आहे. लव आणि कुश हे दोघे बटू गुरूंनी शिकविलेले काव्य प्रथम ऋषींच्या मेळाव्यात गातात. ऋषी संतुष्ट होऊन कोणी कलश, कोणी वल्कल असे जवळ असेल ते देतात. पुढे ही मुले राजमार्गावर गात असता श्रीरामाच्या दृष्टीस पडतात. तो त्यांना सन्मानाने घरी आणतो आणि आपल्या बंधूंसमवेत ऐकू लागतो. सर्गाच्या शेवटी ऋषी सांगतात की, राम हळूच परिषदेत गेला. टीकाकारांनी याचा अर्थ असा उलगडला आहे की, गाण्याचा रसभंग होऊ नये म्हणून प्रभू सिंहासनावरून सावकाश उतरले आणि श्रोत्यांत जाऊन बसले. ज्याची कथा चालली होती तोच सर्वांबरोबर खाली बसला. रामकथेच्या पहिल्या उत्सवाची बैठक अशी होती.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्यायही हेच सांगतो. इंद्रादी देवांनी ब्रह्मदेवाकडे पाहता येईल आणि ऐकताही येईल असे क्रीडनीयक मागितले. वेदश्रवणाचा अधिकार सर्वांस नाही, तेव्हा सार्ववर्णिक असा पाचवा वेद निर्माण करावा, ही त्यांची विनंती. मग ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद रचिला. याचा अर्थ, आपल्या परंपरेत कलेचा जन्मच मुळी बाहेर राहिलेल्यांसाठी झाला. ज्याला आपण आज करमणूक म्हणून नाक मुरडतो, तिची कुळी अशी थोर आहे.

परंतु शास्त्र पोथीत राहिले आणि व्यवहार निराळाच झाला, हे नाशिककरांइतके कोण जाणतो? सरदार रंगराव ओढेकरांनी बांधविलेल्या काळारामाच्या याच देवळापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रामाचे दर्शन मागण्यास आलेल्या रामाच्याच लेकरांपुढे दरवाजे बंद करण्यात आले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रथाच्या दिवशी दगड पडले, माणसे जखमी झाली. सत्याग्रह पुढे सुमारे पाच वर्षे चालला आणि देऊळ उघडले नाही. ज्या रथाचा दोर धरण्यास आज आपण धावतो, त्या दोरावर हा इतिहासही आहे. तो नवमीच्या दिवशी सांगू नये असे आम्हांस काही सज्जनांनी सुचविले होते. आमचे मत उलट आहे. श्रोत्यांत जाऊन बसणाऱ्या रामाचे आख्यान लावावयाचे, तर आपण कोणास बसू दिले नाही हेही त्याच गादीवरून सांगितले पाहिजे.

मंडपाबाहेर गेलेल्या कलांविषयीही आपण असेच संकुचित राहू नये. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे पुत्र. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, गाणे दरबारातून काढून सर्वसामान्यांच्या सभेत आणले, आणि अखेरच्या काळात याच पंचवटीत रामनामाचा आश्रम उभारला. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरच्या शास्त्रीबुवांचे चिरंजीव. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी, म्हणजे ऐन वैशाखवणव्यात, मुंबईस लोकांपुढे आला. १९१७ च्या ‘लंकादहना’त पडद्यावर राम दिसताच प्रेक्षकांनी हात जोडले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या होत्या, तरी कोणाची भक्ती अडली नाही. आणि १ एप्रिल १९५५ ची रामनवमी? त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गदिमा व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर, दर आठवड्यास, छप्पन्न गीतांपर्यंत ते चालले. लोकांनी रेडिओस हार घातले, उदबत्त्या लाविल्या. कीर्तनकाराचा मुलगा, शास्त्र्याचा मुलगा आणि आकाशवाणीचा ध्वनी, तिघांनीही कथा तीच ठेवली. बैठक तेवढी वाढविली.

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी, शहराजवळील एका गावी उन्हाळी महोत्सवात आमचे कीर्तन ठरले होते. पोहोचून पाहतो, तो पुढील चार रांगा खुर्च्यांच्या, त्यांवर देणगीदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या. पूर्वरंग संपला तरी त्या खुर्च्या रिकाम्याच. मागे दोरीपलीकडे शेतमजुरीहून आलेल्या बाया उभ्या होत्या. एक म्हातारी खांबास टेकून, डोळे मिटून ऐकत होती. ‘बायांनो, पुढे येऊन बसा’ एवढे चार शब्द उच्चारण्याचा आम्हांस अधिकार होता. आम्ही ते उच्चारले नाहीत. यजमान दुखावतील, बिदागी कमी होईल, हा विचार मनास शिवला हे नाकारता येणार नाही. त्या रात्री आम्ही शबरीचे आख्यान रंगविले आणि टाळ्याही घेतल्या. घरी येताना मात्र ती म्हातारीच डोळ्यांपुढे होती. पुढल्या वर्षापासून आम्ही निमंत्रण स्वीकारताना एकच अट घालतो: पुढे सतरंजी, आणि जो आधी येईल तो तिच्यावर बसेल.

तिकीट हे पाप नव्हे. कलावंतास पोट आहे, तबलजीस घर आहे, तमाशाच्या फडास पावसाळ्याचे चार महिने काढावयाचे आहेत. पलुसकरांनीही तिकिटे लावूनच जलसे केले. परंतु प्रत्येक महोत्सवात निदान एक सायंकाळ तरी विनामूल्य असावी आणि त्या दिवसाची बिदागी यजमानांनी चोख द्यावी. फुकट ऐकविणे म्हणजे कलावंताला फुकट राबविणे नव्हे. वसंत व्याख्यानमालेने घाटावरची आपली बैठक ज्ञानासाठी खुली ठेवली, ती संगीतासाठी ठेवणे अशक्य का असावे?

जो मंडपात येऊ शकत नाही, त्याचीही जागा राखावी लागते. शेजारी परीक्षेचा विद्यार्थी असेल, आजारी माणूस असेल. २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी घातली. त्यातून वर्षातील मोजके दिवस काय ते सवलत मिळते. या नियमावर आम्ही कीर्तनकारही कुरकुरतो. खरे म्हणजे साडेआठला आरंभ करून दहाच्या आत आख्यान संपविता येत नसेल, तर दोष नियमाचा नव्हे, आमच्या पाल्हाळाचा आहे.

वाचकहो, आज मध्यान्ही पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. सायंकाळी घरातील मुलांस घेऊन जवळच्या कीर्तनास, गाण्यास, नाटकास अवश्य जा. तेथे पोहोचल्यावर एकदा मागे वळून पाहा. चपलांपाशी कोणी उभे असेल, तर थोडे सरकून त्यास जवळ बसवून घ्या. प्रभू त्या दिवशी सिंहासनावरून उतरून कोणाशेजारी बसले, ते वाल्मीकींनी लिहून ठेवलेले नाही. म्हणून जो शेजारी येईल त्यास मान द्यावा, हे बरे.