दोन नाकाबंद्या

कोल्हापूरच्या गुजरीत आणि हुपरीच्या कारखान्यांत चांदीची वीट ही नित्याची वस्तू. वजन करावे, कस पाहावा, बिल घ्यावे आणि कामाला लागावे, इतकाच तिचा व्यवहार. परंतु 9 जानेवारी 1993 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील गोंडघर फाट्यावर अशाच पाच विटा हातोहात झाल्या आणि त्या व्यवहाराचे मोल पुढे दोन महिन्यांनी मुंबईला चुकवावे लागले.

त्या रात्री दिघीच्या धक्क्यावर उतरलेली शस्त्रे घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी फाट्यावर अडविली. नाकाबंदी यशस्वी झाली होती. कटाचा धागा हाती आला होता. तेथेच दहा लाख रुपयांचा सौदा ठरला. तेवढी रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या पाच विटा तारण दिल्या गेल्या आणि वाहने पुढे निघून गेली. ज्याने पैसे घेतले, त्याला मालात काय आहे हे पाहण्याची मुभाच उरत नाही. फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले, तेव्हा सीमाशुल्क खात्यातील काही अधिकाऱ्यांनीही डोळे मिटून घेतले. 12 मार्चच्या दुपारी मुंबईत 12 ठिकाणी स्फोट झाले. 257 जीव गेले, 713 जण जखमी झाले. शेअर बाजार, मशीद बंदरचा काथा बाजार आणि झवेरी बाजार ही त्यांतील तीन ठिकाणे. वैऱ्याने बाजारपेठ वेचून घेतली होती. या कटाच्या खटल्यात लाचखोर पोलिसांना आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2013 च्या निकालात तो सारा इतिहास कायमचा नोंदला गेला.

दुसरी नाकाबंदी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीची, गिरगाव चौपाटीवरची. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सुपुत्र, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे तेथे कर्तव्यावर होते. हाती केवळ काठी. समोर एके-47 घेतलेला दहशतवादी. ओंबळे यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर झेलूनही सोडली नाही. त्यामुळेच 166 जणांचे प्राण घेणाऱ्या त्या हल्ल्यातील एक हल्लेखोर जिवंत सापडला आणि सीमेपलीकडच्या सूत्रधारांविरुद्धचा पुरावा जगापुढे आला. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले.

एका नाक्यावर शस्त्र होते, अधिकार होता, संख्याबळ होते. दुसऱ्या नाक्यावर केवळ काठी होती. निर्णय शस्त्राने झाला नाही, चारित्र्याने झाला.

2008 नंतर शासनाने पुष्कळ काही उभारले. त्याच वर्षअखेर संसदेने कायदा करून राष्ट्रीय तपास संस्था निर्माण केली. मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आले, महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे पथक उभे केले, सागरी पोलीस ठाणी वाढली, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना पहाऱ्यात सामील करून घेण्यात आले. हे सर्व आवश्यकच होते. तथापि या साऱ्या यंत्रणेचे अखेरचे टोक कोणत्या तरी फाट्यावर, धक्क्यावर वा दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या असलेल्या एकाच माणसापाशी येऊन थांबते.

येथे प्रश्न व्यापारी समाजाच्या दारी येतो. कोकण किनाऱ्यावरची ती वाट आरडीएक्ससाठी नव्याने तयार झाली नव्हती. तस्करीच्या सोन्याचांदीने ती वर्षानुवर्षे मळलेली होती. होडीवाले, हमाल, वाहने, लाचेचे ठरलेले दर हे सर्व आधीच सिद्ध होते. ती वाट तस्करांनी चालविली खरी. पण तिला जिवंत ठेवले ते बिनबिलाचा माल दोन पैसे स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्या बाजाराने. त्या ग्राहकाच्या मनात देशद्रोह नव्हता, केवळ लोभ होता. वाट मात्र दोघांची एकच ठरली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरीचा माल घेणे आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याचे निर्बंध मोडून व्यवहार करणे. पाठशाळेत हे शब्द मुखोद्गत होतात आणि पेढीवर बसताना विसरले जातात. आचार्यांनी हा दोष श्रावकाच्या व्रतात का घातला असावा, याचे उत्तर गोंडघर फाट्याने दिले आहे.

अहिंसाधर्मीयाने राष्ट्ररक्षणाचा विचार कसा करावा, अशी शंका कित्येकदा घेतली जाते. शास्त्राने गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला. आक्रमकापासून रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हेही मान्य केले. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय हे गंग राज्याचे सेनापती होते. सर्वांनी तलवार धरावी असे नाही. परंतु ज्याच्या हाती वही आहे, त्याचा पहारा वहीत आहे.

हा पहारा कोल्हापुरात अगदी साधा आहे. भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात करणे. अंबाबाई मंदिराच्या परिसरातील यात्री निवासात ओळखपत्र पाहूनच खोली देणे आणि परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत कळविणे. जुनी दुचाकी विकताना नाव बदलल्याशिवाय चावी न देणे. सिमकार्ड दुसऱ्याच्या कागदांवर न देणे. अमोनियम नायट्रेटचा वापर स्फोटकांत होऊ लागल्याने 2012 च्या नियमांनी त्याची साठवण व विक्री परवान्याखाली आणली. रसायनांच्या व्यापाऱ्याने ती मर्यादा ओलांडू नये. एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोकड स्वीकारण्यास 2017 पासून बंदी आहे. हा नियम पुष्कळांना केवळ कराचा जाच वाटतो. पण बेनामी पैशाला वाट न देणे हाही त्याचा एक अर्थ आहे.

एक मर्यादा मात्र सांभाळली पाहिजे. दक्षता म्हणजे संशय नव्हे. 2006 च्या मालेगाव स्फोटात प्रथम ज्यांना आरोपी ठरविले, त्यांना अनेक वर्षांच्या कारावासानंतर 2016 मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केले. निरपराध तुरुंगात गेला की अपराधी मोकळा राहतो. कागद सर्वांचे सारखेच पाहावेत, ओळखीच्याचेही. नाव, पेहराव वा धर्म पाहून कोणाला चोर ठरवू नये. अनेकान्त जाणणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये.

सायंकाळी प्रतिक्रमणात दिवसभराच्या दोषांची आलोचना होते. त्यात आणखी एक प्रश्न असावा: आज दुकानातून असे काही गेले काय, ज्याचे बिल फाडताना हात थबकला? गोंडघर फाट्यावरचा हात थबकला असता, तर त्या दुपारी झवेरी बाजारातील अनेक जण घरी परतले असते.