ऑइल गाडीचं, प्रश्न आपल्या तब्येतीचा

गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली की बोलणं दोनच गोष्टींवर होतं: डबा केवढ्याला आणि ॲव्हरेज किती वाढेल. त्यात तब्येतीचा विषय कुणी काढत नाही. तो काढायला हवा, असं माझं मत आहे. कारण इंजिनात घातलेलं ऑइल काही अंशी धुरावाटे आपल्या छातीत जातं, बदलताना मेकॅनिकच्या हाताला लागतं आणि शेवटी बऱ्याचदा जमिनीत मुरतं.

आधी निवडीचं बोलू. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते सांगतो. आपल्या भागात पक्का समज आहे, की परभणीच्या उन्हाला जाडच ऑइल पाहिजे. पण मे महिन्यात पारा ४३ वर गेला, तरी चालत्या इंजिनातलं ऑइल त्याच्या दुपटीहून जास्त तापलेलं असतं, आणि ते पुण्यातही तसंच तापतं. कंपनीनं हे धरूनच ग्रेड ठरवलेली असते. गरजेपेक्षा जाड ऑइल सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं, झीज वाढते, इंधनही जास्त लागतं. गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल ही तिची चिठ्ठी आहे. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये, तसंच हे.

बीएस-६ डिझेल गाड्यांत तर चुकीच्या ऑइलचा त्रास थेट हवेला होतो. १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. साचलेली काजळी तो जाळून टाकतो. पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठतच जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं. मॅन्युअलमध्ये 'लो सॅप्स', 'सी२', 'सी३' असे शब्द दिसतात. दोन-चारशे रुपये वाचवायला दुसरंच ऑइल घातलं, की फिल्टर लवकर तुंबतो. मग कुणीतरी तो काढूनच टाकायचा सल्ला देतो. काढला, की ती काजळी रस्त्यावरच्या लेकरांच्या आणि दमेकऱ्यांच्या फुफ्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलच्या धुराला २०१२ सालीच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

जुन्या गाडीतून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, असं समजावं. अशा वेळी जाड ऑइल घालून धूर दाबणं म्हणजे दुखण्याचं कारण न शोधता दुखणं थांबवायची गोळी घेणं.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो गॅरेजमधला पोरगा. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली घातक संयुगं जमा होतात. प्राण्यांच्या त्वचेवर ते वारंवार लावल्यास गाठी होतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे. काजळीनं त्वचेचा कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्यानं धुराडी साफ करणाऱ्यांत १७७५ मध्येच दाखवलं होतं. पुढं इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांत, खनिज तेलानं कपडे भिजणाऱ्या कामगारांतही तोच आजार आढळला. एकदा हात माखला म्हणून कर्करोग होत नाही. वर्षानुवर्षं, रोज माखणं वाईट. त्याच्या आधी हाता-मांड्यांवर पुटकुळ्या येतात, कातडी खाजते, भेगाळते. त्यावर पोरं पेट्रोलनं हात धुतात, त्यानं कातडी आणखी फाटते. हातमोजे, साबण-पाणी आणि ऑइलनं भिजलेलं फडकं खिशात न ठेवणं, एवढं पुरेसं स्वस्त आणि सोपं आहे. आणि जळकं ऑइल जखमेवर, खरजेवर किंवा जनावराच्या अंगावर औषध म्हणून कधीही लावू नये.

उरतो प्रश्न काढलेल्या ऑइलचा. वाळवीसाठी लाकडाला, सेंट्रिंगच्या प्लेटांना, नाहीतर सरळ नाल्यात, अशी त्याची वाट लागते. आमच्या तालुक्यात विहिरी, बोअर आणि जायकवाडीचा कालवा यांच्यावर शेती आणि माणसं जगतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. ही जबाबदारी तालुक्याच्या गॅरेजपर्यंत दिसली पाहिजे. नगरपरिषदेनं जागा द्यावी, कंपन्यांनी पिंप ठेवावं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं ते अधिकृत ठिकाणीच जातं का हे तपासावं.

तोवर गाडीमालकानं तीन गोष्टी कराव्यात. मॅन्युअल पाहून पक्क्या बिलावर ऑइल घ्यावं. ते बदलणाऱ्या पोराच्या हातात मोजे आहेत का ते बघावं, नसतील तर एक जोडी आणून द्यावी. आणि जुनं ऑइल कुठं जातं, हे गॅरेजवाल्याला दर वेळी विचारावं. गिऱ्हाईक विचारायला लागलं, की गॅरेजवालाही पिंप ठेवायला लागतो.